काट्यासमोरचा चेहरा

दुधनी, ८ डिसेंबर २०२४

उत्कर्षाव्वा,

तुझ्या रुद्रप्पा मामाचा आशीर्वाद घे, आणि त्यातला थोडा जावईबापूंनाही दे.

तुझा फोन आला होता. मडिवाळप्पाने मोबाईल माझ्या कानाला लावला, मी आपलं हो हो म्हणत राहिलो. नंतर कळलं की तू मामीच्या गुडघ्यांची चौकशी करत होतीस. ते कानातलं मशीन लावलं की मी दालमिलमध्ये उभा आहे असं वाटतं, आणि काढलं की सगळी दुधनी मुकी होते. तेव्हा आपलं पत्रच बरं. मडिवाळप्पा म्हणतो, व्हॉट्सॅपवर लिहा. म्हणजे तुझं पत्र आधी हा माझा मुलगा वाचणार, मग सून वाचणार, आणि मग उरलं तर मला मिळणार.

तर मुद्दा असा, की तूर वाळायला लागली आहे. महिनाअखेरीला पहिली गाडी आपल्या अडत दुकानात उतरेल. तू यायचंस. बिरुदेव मापाडी यंदा नवा आहे. तो विचारत होता, "मालक, काटा तर आता करंटवर चालतोय, मग पयलं पोतं ठिवायला ताईंची वाट कशापाय बगायची?" त्याला बसवून सगळं सांगितलं. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या डाव्या डोळ्याभोवती, कपाळापासून पार कानापर्यंत निळं लासं होतं. डोळ्याच्या पांढऱ्यातही निळी झाक. बायका ग्रहणाचं कुजबुजायला लागल्या, "गिरणात इळी धरली आसंल आईनं, लेकीच्या तोंडावर उटलं की." तुझी आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझी धाकटी बहीण ती, मला बघवेना. तुला दुपट्यात गुंडाळून दुकानात आणलं, काट्यासमोर धरलं आणि पेठेदेखत सांगितलं, "सिद्धरामानं बोट लावलंय या पोरीला. हिचं तोंड बघून पहिलं पोतं ठेवा." त्या वर्षी तुरीला असा भाव आला की त्याच बायका तुला मांडीवर घ्यायला भांडायला लागल्या. तीस वर्षं झाली, तुझं तोंड पाहिल्याशिवाय माझ्या दुकानात नवी तूर काट्यावर चढलेली नाही.

आणखी एक आनंदाची बातमी. मडिवाळप्पाच्या काव्याला तू बारशात दुपट्यातच पाहिलंस. तिच्या पाठीवर, कमरेच्या वर निळा डाग आहे. तुझ्यासारखाच! दुकानाची पुढच्या पिढीचीही सोय झाली.

तुझा
रुद्रप्पा मामा


भवानी पेठ, सोलापूर, १७ डिसेंबर २०२४

मामा,

तुम्हाला आणि मामींना माझा नमस्कार पोचो.

येते. न येऊन सांगते कोणाला! अमृत म्हणतात, तुझ्या मामांनी तुझ्या तोंडावर दुकान चालवलं, माझी रजा मात्र दरवर्षी कापली जाते. ते तसं बोलतात, पण बॅग तेच भरतात.

शिवणक्लासला यंदा मुली बऱ्याच आहेत. लग्नसराईचे ब्लाऊज घेऊन बसलेय. गंमत सांगते, हल्ली सुईत दोरा ओवायला गेले की मला दोन सुया दिसतात. मुली हसतात, म्हणतात, बाई, दोन सुयांनी काम लवकर होईल. चष्मा लागला असणार. कधीमधी डोकंही दुखतं, ते दिवसभर मान खाली घालून बसल्यामुळे. अमृत डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागले आहेत. त्यांना म्हटलं, आधी पहिलं पोतं काट्यावर चढू दे, मग चष्मा. चष्मा लावून आले तर सिद्धराम ओळखायचे नाहीत.

काव्याचा डाग बघायची घाई झालीय. तिला सांगा, आत्या येतेय.

तुमची
उत्कर्षा


दुधनी, ६ जानेवारी २०२५

उत्कर्षाव्वा,

तू येऊन गेलीस आणि तुरीने मान वर काढली. बिरुदेव आता तुझ्या नावाने कानाला हात लावतो.

पण एक विचारायचं आहे. तू काट्यासमोर उभी होतीस तेव्हा तुझी डावी पापणी खाली आलेली दिसली. तुला विचारलं तर तू हाताने झोपेची खूण केलीस. नंतर बशीत चहा ओतताना तो बशीच्या बाहेर पडला. तू हसलीस, मीही हसलो. तू गेल्यावर मामीने मला ओढून अंगणात नेलं आणि कानाशी तोंड लावून ओरडली, "पोरीचा डोळा का वो आसा झालाय? तुमी पोत्याकडं बगत हुता, मी तिच्याकडं बगत हुते." मग तिने मीठमोहरी घेतली आणि तू नसताना तुझ्या पाटाभोवती ओवाळून चुलीत टाकली. मोहरी लई तडतडली म्हणे. मला काही ऐकू आलं नाही.

डॉक्टरकडे गेलीस का? दोन ओळी टाक.

मामा


भवानी पेठ, २ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी मामींना जवळ बसवून घ्या. घाबरू नका.

चष्म्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे मशीनच्या बोगद्यात घालून डोक्याचे फोटो काढले. गाठ आहे. मेंदूत नाही, मेंदूवर जे पातळ आवरण असतं त्याला चिकटून, डाव्या डोळ्याच्या मागे. तिथूनच पापणीची आणि डोळा फिरवायची नस जाते, म्हणून दोन सुया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा गाठी बहुतेक साध्या असतात, काढल्या की माणूस मोकळं होतं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

त्यांनी माझा चेहरा खिडकीच्या उजेडात धरून पुष्कळ वेळ बघितला. हा डाग जन्मापासून आहे का, डोळ्याच्या पांढऱ्यातला निळेपणाही जन्माचाच का, वाढला का, सगळं विचारलं. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली, काट्याची. त्या ऐकत होत्या, पण हसल्या नाहीत. एरवी गोष्टीतल्या त्या जागी सगळे हसतात.

आई असती तर भिंतीकडे तोंड करून पडली असती. ती नाही तेच बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

केस कापणार आहेत. अमृत म्हणाले, शिवणक्लासच्या मुली तुला टोपी शिवून देतील.

उत्कर्षा


दुधनी, ६ फेब्रुवारी २०२५

उत्कर्षाव्वा,

पत्र पहिल्यांदा वाचलं आणि मिटून ठेवलं. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा धीर आला. एवढी शिकलेली बाई, तिने गाठ सोडून तुझं लासं बघत बसावं, ह्यात काहीतरी आहे की नाही? तिलाही कळलं असणार की हे तोंड साधं नाही. माझं मन सांगतं, जो हात या चेहऱ्यावर चाकू चालवेल त्यालाच यश येईल.

मी ऑपरेशनच्या दिवशी दुकान उघडणार नाही. काव्याला मांडीवर घेऊन काट्यासमोर बसणार आहे. तिच्या पाठीवरचा डाग आता चांगला ठसठशीत झाला आहे. एकीला दुसरी मिळाली म्हणजे जोर वाढतो.

जावईबापूंना म्हणावं, केस काय, पुन्हा येतील.

मामा


भवानी पेठ, १२ मार्च २०२५

मामा,

ऑपरेशन होऊन घरी आले. अक्षर वाकडं आलंय ते सांभाळून घ्या. कळवायला इतका उशीर केला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. अमृत म्हणत होते, मामांना एवढं कशाला सांगायचं. पण तुम्ही त्या लाडक्या डागाचं कौतुक लिहीत राहिलात, तर मला ते वाचणं जमणार नाही. म्हणून सांगते.

गाठ साधी नव्हती. उघडल्यावर ती काळी निघाली, काजळासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत त्यांनी अशी एकदाच पाहिली होती. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाळ पोटात असताना रंगाच्या पेशी अंगभर पसरत असतात. त्यांतल्या काही माझ्या गालाच्या कातडीत खोल राहिल्या, काही डोळ्याच्या पांढऱ्यात, आणि काही मेंदूवरच्या आवरणात. गालावरच्या गप्प बसल्या. आतल्या वाढल्या. म्हणजे तुमचं लासं आणि ही गाठ एकाच घरातल्या बहिणी.

सगळी काढता आली नाही. नसांना चिकटून थोडी ठेवावी लागली. तपासणीत तिचं लक्षण वाईट निघालं आहे. आता रोज किरणांसाठी जायचं.

मी दोन गोष्टी मुद्दाम विचारून घेतल्या, त्या नीट वाचा. एक, मी आधी डोळा दाखवला असता, तुमच्याकडे यायच्या आधी, तर? त्या म्हणाल्या, तेवढ्या दिवसांनी काही फरक पडला नसता. दोन, काव्या. तर असे पाठीवरचे निळे डाग आपल्याकडच्या बाळांना सर्रास असतात, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही, ते आपोआप पुसट होऊन जातात. माझ्यासारखं चेहऱ्यावरचं लासं असलेल्यांतही लाखात एखाद्यालाच असं होतं. तेव्हा पोरीच्या पाठीला काही चोळू नका, कुठे नेऊ नका.

तुम्ही भेटायला कधी येताय? सगळे येऊन गेले.

उत्कर्षा


दुधनी, २१ मार्च २०२५

उत्कर्षाव्वा,

तुझं पत्र मिळालं त्या दिवसापासून मी दुकानात गेलेलो नाही. काव्याला उघडं केलं की मला बघवत नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी मामीला सुनेसमोर वाचून दाखवलं. त्यांना पटलं. माझ्या डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. पोरीला उचलायला गेलो की हात मागे घेतो.

ते चित्रबित्र मला कळलं, मी अडाणी नाही. पण माझ्या मनाला जे दिसतं ते मी तुझ्यापासून का लपवू? माणसाच्या अंगात थोडंफार भाग्य असतं. तुझं तुझ्या तोंडावर होतं, सगळ्यांना दिसेल असं. ते तुझ्यासाठी होतं. मी दरवर्षी तुला काट्यासमोर उभी केली आणि त्यातलं एक माप उचललं. माझी तूर विकली गेली, तुझं माप खाली आलं. आता तुला हवं आहे तर उरलंय काय?

म्हणून मी ठरवलं आहे. सिद्धरामासमोर विभूती कपाळाला लावून बोललो आहे. तू बरी होईपर्यंत मी तुझं तोंड बघणार नाही. माझ्या नजरेने आणखी एक कणही कमी व्हायला नको. बरी झालीस की पहिल्या गाडीने येतो.

तोवर माझ्यावर रागावू नकोस. इथे मामी रागावलेली आहेच.

मामा


भवानी पेठ, ९ जून २०२५

मामा,

हे अमृतच्या हातून लिहून घेतेय. मला ओळी दिसत नाहीत. डावा डोळा मिटलाच आहे, उजव्याला धुकं आलंय.

किरणं संपली. मध्ये थोडं बरं वाटलं, शिवणक्लासच्या मुली आल्या, मी त्यांना नुसतं बोलून बाही बसवायला शिकवलं. मग डोकं परत धरलं. परत फोटो काढले. ते काळं आता आवरणावरून पसरतंय. डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर बसून सांगत होत्या. आता यावर इलाज नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. मला त्यांची कीव आली.

मामा, तुम्ही मापाचं लिहिलंत त्याला काय उत्तर देऊ? मला तसं कधी वाटलं नाही. शाळेत पोरं मला निळी म्हणायची, तेव्हा मी मनात म्हणायची, दुधनीला जाऊन विचारा माझं तोंड काय आहे ते. तेवढ्या जोरावर मी मान वर करून चालले. तुम्ही काही घेतलं नाहीत. दिलंत.

पण आता एक मागते. एकदा या. तूर नको, काटा नको, पहिलं पोतं नको. नुसतं तोंड बघायला या, जशी माणसं एकमेकांचं बघतात. मलाही तुमचं बघायचंय. लवकर या, धुकं वाढतंय.

उत्कर्षा

(मामा, हे शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. — अमृत)


दुधनी, १८ जून २०२५

उत्कर्षाव्वा,

मी आलो होतो. परवा सकाळच्या पॅसेंजरने. भवानी पेठेत तुमच्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. गॅलरीत दोरीवर तुझी अबोली रंगाची साडी वाळत होती. साडी वाळत घातली आहे म्हणजे घरात सगळं चालू आहे, असं म्हणालो आणि वळलो. देवासमोर शब्द दिला आहे. मी आत आलो आणि तुला काही झालं तर?

कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने विचारलं, "बाबा, कुणाकडं जायचं हाय?" त्याच्या ओठांवरून कळलं. काय सांगणार? म्हणालो, चुकलो.

सोबत विभूती पाठवली आहे. जावईबापूंनी रोज तुझ्या कपाळाला लावावी.

मामा


भवानी पेठ, २१ जुलै २०२५

मामा,

हे पत्र उत्कर्षाला न सांगता लिहितोय.

आता तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. उपचार थांबवले आहेत, फक्त दुखू नये म्हणून औषध चालू आहे. डॉक्टर किती दिवस ते सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही. बोलताना शब्द तुटतात, पण शुद्ध आहे. दार वाजलं की "मामा?" म्हणून विचारते. आधी मी दर वेळी नाही म्हणायचो. आता मी "दूधवाला" म्हणतो, कधी "वारा" म्हणतो.

तुम्ही साडी बघून परत गेलात ते मी तिला वाचून दाखवलं नाही. तुमच्या नवसाने ती बरी होणार नाही, मामा. तुम्ही आल्याने तिचं काही कमीही होणार नाही, कमी व्हायला काही उरलेलं नाही. तुमच्या न येण्याने मात्र तिला रोज काहीतरी होतंय, आणि ते मला बघावं लागतं.

मी मोठ्या माणसांशी असं बोलत नाही. आज बोललो.

या.

अमृत


दुधनी, ४ ऑगस्ट २०२५

उत्कर्षाव्वा,

हे पत्र जावईबापू तुला वाचून दाखवतील. अमृत, हळू वाचा, आणि तिने हात हलवला तर थांबा.

परवा मी तुझ्याजवळ बसलो, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. आपण दोघं म्हणजे जोडी झाली! तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही, आणि मी ओठ वाचायला गेलो तर तुझे ओठ नीट हलत नाहीत. मी खूण करावी तर तुला दिसत नाही. तू माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलंस. मिशी चाचपलीस. कान चाचपून हसलीस.

मग तू माझा हात ओढून घेतलास आणि तळहातावर बोट फिरवायला लागलीस. मला वाटलं, पोर नुसती चाळा करते आहे. तू परत पहिल्यापासून सुरू केलंस. तेव्हा 'क' कळला. सांडलेल्या तुरीत बोट धरून ही अक्षरं मीच तुला शिकवली होती, तू बाराखडीत अडलीस की मूठभर तूर उधळायचीस. तू लिहिलंस, कसं दिसतं. म्हणजे तुझं तोंड.

आणि मी काय बोललो? म्हणालो, "यंदा पेरा बरा हाय. भाव ऱ्हाईल." तू माझ्या हातावर थोपटलंस आणि झोपलीस. परतीच्या गाडीत मला माझाच राग आला. पोरीने एकच गोष्ट विचारली, तीसुद्धा मला सांगता आली नाही, कारण तोंडाने सांगितली असती तर मी रडलो असतो आणि तुला ते ऐकू गेलं असतं.

आता सांगतो.

तुझं तोंड सुजलं आहे, औषधाने. गाल भरलेत. डोक्यावर बारीक केस आले आहेत, पुढून जास्त, टाक्यांच्या जागी नाहीत. डावी पापणी मिटलेली आहे. लासं निळंच आहे, पण मी आजवर समजत होतो तसं ते कानापर्यंत जात नाही. गालाच्या हाडाशी थांबतं आणि पुढे नुसते तीनचार ठिपके आहेत. तीस वर्षं मी ते कानापर्यंत आहे असं लोकांना सांगत आलो. उजव्या भुवईत एक बारीक पांढरी रेघ आहे, लहानपणी तुला जुन्या काट्याची साखळी लागली होती, ती. ती तशीच आहे. झोपलीस की तोंड जरा उघडं राहतं.

आणि तुझी हनुवटी तुझ्या आईची आहे. अगदी तीच, मधोमध जरा दबलेली. माझी बहीण जाऊन इतकी वर्षं झाली, मी तिचे फोटो शोधत बसतो, आणि ती दरवर्षी काट्यासमोर येऊन उभी राहत होती. मी लासं बघत होतो. खाली बघितलंच नाही.

काव्याच्या पाठीवरचा डाग फिका व्हायला लागला आहे, तू म्हणाली होतीस तसा. नव्या तुरीचं पहिलं पोतं यंदा बिरुदेव ठेवील, कोणाचंही तोंड न बघता. मी दुकानात नसेन.

येत्या शनिवारच्या पॅसेंजरने परत येतो, आणि राहायलाच येतो. मामीने कपडे भरलेत. मी बोळाच्या तोंडाशी थांबणार नाही. तू हातावर पुन्हा तेच विचार. या वेळी तोंडाने सांगतो, ऐकू गेलं तर जाऊ दे.

मामा